पृष्ठभागाची साक्ष

सकाळीं दारांत येऊन पडणाऱ्या दुधाच्या पिशवीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. पिशवी कापली, दूध पातेल्यांत ओतलें, कीं तिचें काम संपलें. परंतु तिच्यावरील निळीं-तांबडीं अक्षरें क्षणभर पाहण्यासारखीं असतात. पिशवी ओली असते, थंड असते, अनेक हातांतून घासली गेलेली असते. तरीहि शाई सुटत नाहीं. वास्तविक ती ज्या द्रव्याची केलेली असते, त्या पॉलिएथिलीनला शाईचें वावडें आहे. मेणासारखें हें द्रव्य. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाहीं, गोंद धरत नाहीं, रंग टिकत नाहीं. मग हीं अक्षरें टिकतात कशीं? छपाईपूर्वीं तो पातळ पडदा विद्युद्विसर्गाखालून नेलेला असतो. तेथें पृष्ठभागावरील रेणूंशीं हवेंतील प्राणवायूचा संयोग होतो, नवे रेणुगट जन्माला येतात, आणि शाईला दूर लोटणारा पृष्ठभाग तिला जवळ करूं लागतो.

हा पालट डोळ्यांना दिसत नाहीं, बोटांना कळत नाहीं. पृष्ठभागाच्या दर चौरस नॅनोमीटरला, म्हणजे मीटरच्या अब्जांश लांबी-रुंदीच्या चौकटीला, अम्लधर्मी असा एक रेणुगट बसला आहे असें धरलें, तर एका चौरस सेंटिमीटरवर असे शंभर लक्ष कोटि गट भरतात. संख्या प्रचंड वाटते. परंतु त्या सर्वांचें वजन एका ग्रॅमच्या कोट्यंशाहूनहि पुष्कळ कमी भरतें. पडदा ५० मायक्रॉन जाडीचा असेल, तर तेवढ्याच तुकड्याच्या एकूण वजनांतला हा सुमारें सहा लक्षांतील एक भाग झाला. नाजुकांतील नाजूक तराजूसमोर हा भाग ठेवला, तरी हवेंतील ओलाव्यामुळें होणाऱ्या चढउतारांत तो हरवून जावा.

आणि तरीहि सारी मदार त्याच्यावरच असते. रुग्णाच्या शिरेंत घातलेली नळी रक्ताला मानवेल कीं तिच्यावर रक्ताची गुठळी धरेल, प्रयोगशाळेंतील पॉलिस्टायरीनच्या तबकडींत जिवंत पेशी मूळ धरतील कीं मरून जातील, चिकटविलेले दोन भाग एकत्र राहतील कीं सुटतील, हें त्या वस्तूच्या अंतरंगापेक्षां तिच्या बाहेरच्या एक-दोन रेणूंएवढ्या थरावर ठरतें. अशा थराची मोजदाद कशी करावी? शास्त्रज्ञांच्या हातीं याकरितां जीं साधनें आलीं, त्यांत प्रतिदीप्तीचें, म्हणजे इंग्रजींत ज्याला फ्लुओरेसन्स म्हणतात त्या गुणाचें, स्थान मोठें आहे. एका रंगाचा प्रकाश शोषून घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणें, हा तो गुण. या साधनाचा इतिहास चार शतकांहून जुना आहे. आणि त्यांतील एक मोठी चूक पृष्ठभागाविषयींचीच होती, हें त्याचें वैशिष्ट्य.

निकोलास मोनार्देस हे स्पेनमधील सेव्हिल शहरचे वैद्य. अमेरिकेच्या नव्या मुलुखांतून जहाजांनीं येणाऱ्या औषधी द्रव्यांविषयीं त्यांनीं १५६५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाचें वर्णन आहे. मूत्रविकारांवर तें गुणकारी समजलें जाई. त्याच्या ढलप्या स्वच्छ पाण्यांत भिजत घातल्या, कीं पाण्यावर फिकट निळी झांक येई. लाकडाला मागणी वाढली, तशी बाजारांत भेसळहि आली. तेव्हां मोनार्देस यांनीं ग्राहकांस सावध केलें कीं, ज्यानें पाणी निळसर होईल तेंच लाकूड खरें. ज्यानें तें पिवळें होतें तें खोटें. प्रकाशाच्या साक्षीवरून द्रव्याची पारख करण्याचें हें फार जुनें उदाहरण होय. आजहि चलनी नोटेवरील क्रमांक जंबुपार प्रकाशांत चमकतात कीं नाहीं, हें पाहून नोटेची पारख केली जाते. त्या युक्तीचा मूळपुरुष सेव्हिलचा हा वैद्य म्हणावा लागेल. त्या निळ्या झांकेच्या मुळाशीं असलेलें रासायनिक द्रव्य मात्र २००९ सालीं निश्चित झालें. म्हणजे साक्ष कामीं आली प्रथम, आणि साक्षीदाराचें कुळ कळलें चारशें चव्वेचाळीस वर्षांनीं!

रॉबर्ट बॉइल यांनीं १६६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथांत याच लाकडावरील प्रयोग दिले आहेत. त्या पाण्यांत अम्लाचे थेंब टाकले कीं निळी झांक नाहींशी होते आणि क्षार घातला कीं परत येते, असें त्यांना आढळलें. भोंवतालची परिस्थिति बदलली कीं प्रतिदीप्तीहि बदलते, ही मोलाची गोष्ट येथें प्रथम नजरेस आली. तिचा उपयोग पुढें तीन शतकांनीं व्हावयाचा होता.

यानंतरचा टप्पा १८४५ सालचा. हिंवतापावरचें औषध म्हणून क्विनीन सर्वांच्या परिचयाचें आहे. जॉन हर्शेल यांनीं त्याच्या एका क्षाराचें पाण्यांत द्रावण केलें. द्रावण पाण्यासारखें नितळ. आरपार पाहिलें असतां त्यांत रंगाचा लवलेश नाहीं. परंतु बाजूनें सूर्यप्रकाश पडतांच, प्रकाश जेथून आंत शिरतो त्या बाजूला लागून एक सुंदर आकाशी पट्टा दिसला. पट्टा अत्यंत पातळ होता. त्याच्या मागचा द्रव पूर्ववत् रंगहीन. आणखी चमत्कार असा कीं, एकदां या द्रावणांतून गेलेला प्रकाश दुसऱ्या तशाच द्रावणावर सोडला, तर तेथें निळा पट्टा उमटत नसे. हर्शेल यांनीं यावरून निष्कर्ष काढला कीं, हा पृष्ठभागाचाच कांहीं विशेष गुण असला पाहिजे. पृष्ठभाग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं त्या प्रकाशाला नांवहि दिलें.

डेव्हिड ब्रूस्टर यांना हें पटलें नाहीं. पानांच्या हिरव्या रंगाच्या मद्यार्कांतील द्रावणांत प्रखर प्रकाशाची शलाका सोडली असतां ती तांबडी दिसते, हें त्यांनीं पूर्वींच पाहिलें होतें; आणि ती द्रावणाच्या आंतपर्यंत तशी दिसत होती. क्विनीनमध्येंहि भिंगानें एकवटलेला प्रकाश सोडल्यास निळा रंग आंत दिसतो, असें त्यांनीं दाखविलें. मग हर्शेल यांचा पट्टा पृष्ठभागालाच कां चिकटून राही?

हें कोडें केंब्रिज येथील जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं १८५२ सालीं सोडविलें. त्यांचा प्रयोग साधेपणामुळें आजहि वाचनीय वाटतो. अंधाऱ्या खोलींत फटींतून सूर्यप्रकाश घेऊन त्यांनीं लोलकांनीं त्याचा वर्णपट पाडला आणि क्विनीनच्या द्रावणाची नळी त्या वर्णपटांतून हळूहळू सरकवीत नेली. तांबड्यांत कांहीं घडलें नाहीं. पिवळ्यांत नाहीं, हिरव्यांत नाहीं. जांभळ्या पट्ट्याच्या शेवटाकडे नळी पोंचली, आणि तिच्यांत निळा प्रकाश फुटला. नळी जांभळ्याच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांना निव्वळ अंधार दिसतो तेथें नेली, तरी तो प्रकाश दिसतच राहिला. म्हणजे अदृश्य अशा जंबुपार किरणांचा दृश्य निळा प्रकाश होत होता.

पट्ट्याचें रहस्यहि यांतच होतें. जंबुपार किरणांना क्विनीन इतक्या आवडीनें शोषून घेतें कीं, ते द्रावणांत थोडेसे शिरतांच संपून जातात. जेथें ते संपतात तेथवरच निळा प्रकाश दिसतो. हर्शेल यांना दिसलेला पट्टा पृष्ठभागाजवळ होता खरा, परंतु तो पृष्ठभागाचा गुण नव्हता. तो द्रावणांतील प्रत्येक क्विनीन-रेणूचा गुण होता, आणि पुढें बसलेल्या रेणूंनीं सारें अन्न खाऊन टाकल्यामुळें मागचे उपाशी राहिले होते. फ्लुओरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनीं या घटनेला फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या प्रकाशापेक्षां सामान्यतः लांब तरंगलांबीचा असतो, हा नियमहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें १८६४ सालीं त्यांनीं एक व्याख्यान दिलें, आणि सेंद्रिय द्रव्यें ओळखण्याकरितां या गुणाचा उपयोग करावा असें सुचविलें. पृष्ठभागाविषयींच्या एका चुकीच्या तर्कांतून निघालेला शोध अशा रीतीनें रसायनशास्त्राचें साधन होण्याच्या मार्गाला लागला.

या साधनाची तीक्ष्णता कशांत आहे, हें येथें सांगणें अवश्य आहे. भर दुपारीं अंगणांत पणती लावली, तर ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं. अमावास्येच्या रात्रीं तीच पणती दूरवरून दिसते. एखाद्या द्रावणानें किती प्रकाश शोषला, हें मोजावयाचें म्हणजे दुपारच्या उजेडांतून पणतीएवढा उजेड कमी झाला कीं काय, हें पाहण्यासारखें आहे. प्रतिदीप्तींत बाहेर येणारा प्रकाश वेगळ्या रंगाचा असल्यामुळें मूळ प्रकाश गाळणींतून अडवितां येतो, आणि काळोखावर उमटलेला तेवढा प्रकाश मोजतां येतो. शिवाय एकच रेणु पुनःपुन्हां प्रकाश शोषतो व देतो. शोषण आणि उत्सर्जन यांमधला काळ बहुधा सेकंदाच्या कांहीं अब्जांशांइतका अल्प असतो. म्हणून रंगाचा एक रेणु विघटित होण्यापूर्वीं सहस्रावधि वेळां आपली साक्ष देऊं शकतो. १९९० सालीं तर एका स्फटिकांत अडकविलेल्या एकाच रेणूची प्रतिदीप्ति टिपण्यापर्यंत शास्त्रज्ञांची मजल गेली.

या तीक्ष्णतेचा एक प्रसंग मोठा मनोरंजक आहे. दक्षिण जर्मनींत इमेन्डिंगेन गांवाजवळ डॅन्यूब नदीचें पाणी तळांतील चुनखडकाच्या भेगांत जिरून नाहींसें होतें. सुमारें १२ किलोमीटरांवर आख नांवाचा विपुल झरा वाहतो. त्याचें पाणी पुढें ऱ्हाईन नदीला मिळतें. हें पाणी डॅन्यूबचेंच आहे काय, हा प्रश्न काठच्या लोकांच्या पोटापाण्याचा होता. अडोल्फ फॉन बायर यांनीं १८७१ सालीं फ्लुओरेसीन हा रंग तयार केला होता. १८७७ सालीं त्याचे १० किलोग्रॅम डॅन्यूबच्या त्या भेगांत सोडण्यांत आले, आणि सुमारें ६० तासांनीं आखच्या झऱ्याचें पाणी हिरवें चमकूं लागलें. दोन नद्यांमधील भूमिगत नातें दहा किलो रंगानें उघड केलें. त्या पाण्यावरील हक्काचा वाद पुढें वाढतच गेला, आणि १९२७ सालीं तो जर्मनीच्या राज्य-न्यायालयापुढें आला.

परंतु प्रत्येक मंद प्रकाश म्हणजे प्रतिदीप्ति नव्हे, ही शिकवण भारतांत मिळाली, आणि ती जगाला उपयोगी पडली. कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेंत के. आर. रामनाथन् हे १९२३ सालीं पाण्यानें विखुरलेल्या प्रकाशाचा अभ्यास करीत होते. त्यांना त्यांत मूळ रंगाहून निराळा असा अगदीं क्षीण प्रकाश आढळला. पाण्यांत कांहीं मलद्रव्य असेल आणि ही त्याची क्षीण प्रतिदीप्ति असेल, असा समज होणें स्वाभाविक होतें. परंतु द्रव पुनःपुन्हां शुद्ध केले, तरी तो प्रकाश गेला नाहीं. १९२८ सालीं रामन व के. एस. कृष्णन् यांनीं सुमारें साठ द्रवांची तपासणी केली. हा नवा प्रकाश नेहमींच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या मानानें क्षीण, आणि पुष्कळ द्रवांत चांगलाच ध्रुवित असल्याचें दिसलें. या दोन लक्षणांवरून तो प्रतिदीप्तीचा नसून विखुरण्याचाच नवा प्रकार असल्याचें त्यांनीं दाखविलें. रामन यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें या शोधाबद्दल. ज्याला प्रतिदीप्ति मानून सोडून देतां आलें असतें, त्याची उलटतपासणी केल्यामुळें हा शोध हातीं लागला.

आतांपर्यंत प्रतिदीप्तीचा उपयोग होई तो स्वतः चमकणाऱ्या द्रव्यांपुरता. जें चमकत नाहीं त्याला चमकणारी खूण चिकटवावी, ही कल्पना पुढची. अमेरिकेंतील वैद्य अल्बर्ट कून्स यांनीं १९४१ सालीं न्युमोनियाच्या जंतूंना ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला एक प्रतिदीप्त रंग जोडला. प्रतिपिंड नेमका त्या जंतूला जाऊन चिकटे, आणि त्याच्याबरोबर गेलेला रंग सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचा ठावठिकाणा सांगे. हा पहिला रंग निळा होता. परंतु शरीरांतील ऊतकें स्वतःच निळसर चमकतात. त्यांत खूण हरवूं लागली. म्हणून कून्स यांनीं हिरव्या फ्लुओरेसीनचा आश्रय घेतला. साक्षीदाराचा आवाज भोंवतालच्या गलबल्याहून निराळा असला पाहिजे, हा धडा तेव्हांचा.

दुसरें पाऊल ग्रेगोरिओ वेबर यांचें. त्यांनीं १९५२ सालीं डॅन्सिल नांवाचा प्रतिदीप्त रेणुगट प्रथिनांना जोडला. हा गट बहुरूपी आहे. पाण्यासारख्या ध्रुवीय परिसरांत तो पिवळट-हिरवा दिसतो. तेलकट परिसरांत त्याचा रंग निळ्याकडे झुकतो. म्हणजे तो आपण कोठें आहों एवढेंच सांगून थांबत नाहीं, तर आपला शेजार कसा आहे हेंहि सांगतो. बॉइल यांच्या पेल्यांत अम्लानें मावळलेली निळी झांक जें सुचवीत होती, तें येथें पद्धतशीर उपयोगांत आलें.

आतां कथेचा दुसरा धागा हातीं घ्यावा लागतो. १९३३ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडमधील विनिंग्टन येथें रेजिनाल्ड गिब्सन व एरिक फॉसेट यांनीं एथिलीन वायु प्रचंड दाबाखालीं दुसऱ्या एका द्रव्याबरोबर तापविला. त्यांना हवें तें द्रव्य मिळालें नाहीं; भांड्याच्या तळाशीं पांढरा मेणचट पदार्थ मात्र सांपडला. तेंच पॉलिएथिलीन. एकाच प्रकारचे लहान रेणु साखळीसारखे जोडून होणाऱ्या अशा द्रव्यांना बहुवारिकें किंवा पॉलिमर म्हणतात. महायुद्धांत रडार यंत्रांच्या तारांवर वेष्टन म्हणून पॉलिएथिलीनचा उपयोग झाला, आणि पुढें तें घरोघरीं शिरलें. त्याचा अलिप्तपणा हा त्याचा गुण. आणि शाई, गोंद, रंग किंवा जिवंत पेशी यांच्याशीं गांठ घालावयाची झाली, म्हणजे तोच त्याचा दोष.

हा दोष घालविण्यासाठीं पृष्ठभागावर रासायनिक संस्कार करण्याचे अनेक मार्ग निघाले. पण संस्कारानंतर पृष्ठभागावर नेमकें काय निर्माण झालें, याचा काटेकोर हिशेब करण्याचा उद्योग अमेरिकेंतील जॉर्ज व्हाइटसाइड्स व त्यांचे सहकारी यांनीं मनावर घेतला. प्रयोगशाळेंतील कांचेचीं भांडीं धुण्यास पूर्वीं जें क्रोमिक अम्ल वापरीत, त्यांत त्यांनीं पॉलिएथिलीनचा पडदा बुडविला. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें आढळतें कीं, पृष्ठभागावर निर्माण झालेल्या नव्या गटांपैकीं सुमारें ६० टक्के कार्बोक्सिलिक अम्लाचे होते. उरलेले कीटोन व अल्डिहाइड या जातींचे. अम्लगट म्हणजे पृष्ठभागाला फुटलेले हातच. त्या हातांत हवें तें देतां येतें.

१९८६ सालीं होम्स-फार्ली व व्हाइटसाइड्स यांनीं त्या हातांत वेबर यांचा डॅन्सिल गट दिला. आतां पडद्याचा पृष्ठभाग स्वतः चमकूं लागला, आणि निरनिराळ्या द्रवांच्या सान्निध्यांत त्याचा रंग कसा पालटतो, हें पाहून तेथील परिसराची चौकशी करतां येऊं लागली. मनांत असें येईल कीं, प्लॅस्टिकचा पृष्ठभाग म्हणजे कांचेसारखी एक सपाट, ठाम सीमा. या व अशा प्रयोगांतून दिसलें तें निराळेंच. पृष्ठभाग ही रेघ नसून एक पातळ प्रदेश आहे. कांहीं गट अगदीं बाहेर असतात. त्यांची गांठ पाण्याच्या थेंबाशीं पडते. कांहीं थोडे आंत असतात; त्यांच्यापर्यंत रसायनें पोंचतात, परंतु थेंबाला त्यांची दाद नसते. पडदा तापविला, तर बाहेरचे गट हळूहळू आंत वळतात, आणि संस्कारित पृष्ठभाग पुन्हां पाण्याला दूर सारूं लागतो. छापखान्यांतील अनुभवी माणसांना ही गोष्ट दुसऱ्या रूपानें ठाऊक असते: विद्युत्संस्कार केलेला पडदा फार दिवस पडून राहिला, कीं शाई नीट धरत नाहीं.

या सर्व संशोधनांत प्रतिदीप्तीच्या साक्षीवर आंधळेपणानें विसंबणें किती धोक्याचें आहे, हेंहि शास्त्रज्ञांस कळत गेलें. ही साक्ष चार ठिकाणीं फसवूं शकते.

पहिलें ठिकाण म्हणजे खोटी जवळीक. रंगाच्या द्रावणांत पडदा बुडविला, तर कांहीं रंग रासायनिक बंधनानें जोडला जातो, आणि कांहीं नुसताच चिकटून किंवा पडद्यांत मुरून राहतो. दोन्ही सारखेच चमकतात. म्हणून संस्कार न केलेला एक कोरा तुकडा त्याच रंगांत, तितकाच वेळ बुडवून, त्याच रीतीनें धुऊन शेजारीं ठेवावा लागतो. कोरा तुकडाहि चमकला, तर पहिल्याची चमक कवडीमोल ठरते. दुसरें ठिकाण म्हणजे घरभेदी उजेड. पॉलिस्टायरीनसारखीं कांहीं बहुवारिकें, आणि प्लॅस्टिकमध्यें मिसळलेलीं कांहीं द्रव्यें, जंबुपार प्रकाशांत स्वतःच चमकतात. धुलाईच्या चूर्णांत घातलेल्या शुभ्रकारक द्रव्यामुळें पांढरा सदरा जंबुपार दिव्याखालीं निळसर उजळतो, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरें ठिकाण सर्वांत फसवें. अधिक गट म्हणजे अधिक रंग आणि अधिक रंग म्हणजे अधिक प्रकाश, हें गणित सरळ वाटतें. परंतु रंगाचे रेणु फार दाटीनें बसले, तर ते एकमेकांची ऊर्जा घेतात आणि प्रकाश विझवितात. रेणूंमधील या ऊर्जासंक्रमणाचा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ थेओडोर फ्योर्स्टर यांनीं १९४० नंतरच्या दशकांत मांडला. पृष्ठभाग जसजसा रंगानें भरत जाईल तसतसा तो एका मर्यादेनंतर मंद दिसूं लागतो. अशा वेळीं मंद चमक पाहून गट थोडे आहेत असें जो म्हणेल, तो हर्शेल यांच्यासारखाच फसेल. क्विनीनच्या पट्ट्यामागचा काळोख जसा क्विनीन नसल्यामुळें नव्हता, तसाच हा. यावर उपाय म्हणजे रंग विरळ लावणें, किंवा जोडलेला रंग पुन्हां तोडून द्रावणांत काढणें व तेथें मोजणें. चौथें ठिकाण साधें आहे. रंगाचा रेणु मोठा असतो. तो दाटींतील प्रत्येक गटापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून त्यानें मोजलेली संख्या ही पोंचलेल्या गटांची असते, असलेल्या सर्व गटांची नसते.

यांपैकीं कांहीं अडचणींवर सुंदर तोडगे निघाले. १९७२ सालीं फ्लुओरेसकामीन हें द्रव्य उपयोगांत आलें. तें स्वतः चमकत नाहीं. अमीन जातीच्या विशिष्ट गटाशीं संयोग झाला तरच चमकतें. उरलेलें द्रव्य पाण्यांत विघटित होऊन अंधारांतच राहतें. म्हणजे नुसत्या चिकटून राहिलेल्या रंगाची खोटी साक्ष मुळांतच टळते. दुसरा तोडगा प्रकाशाच्या वाटेंतला. कांचेंतून पाण्याकडे जाणारा प्रकाश फार तिरपा पडला, तर तो संपूर्ण परावर्तित होतो. तरी त्याचा प्रभाव सीमेपलीकडे सुमारें शंभर नॅनोमीटरपर्यंत पोंचतो आणि मग विरून जातो. तेवढ्या थरांतलेच रंगरेणु पेटतात. १९८१ सालीं डॅनियल अ‍ॅक्सेलरॉड यांनीं या युक्तीनें जिवंत पेशी पृष्ठभागाला कोठें टेकतात, याचें चित्र सूक्ष्मदर्शकाखालीं घेतलें. बहुवारिकांच्या पातळ थरांवर रक्तांतील प्रथिनें कशीं येऊन बसतात, याच्या अभ्यासालाहि ही युक्ति उपयोगी पडली.

यांतील एक गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. १८४५ सालीं हर्शेल यांनीं एका प्रकाशाला पृष्ठभागाचा गुण मानलें, आणि ते चुकले. त्यांची चूक दुरुस्त झाली म्हणून प्रतिदीप्तीचें खरें स्वरूप कळलें. तें कळलें म्हणून पुढें तोच प्रकाश खऱ्या पृष्ठभागावर नेऊन ठेवतां आला. आज कोणी प्रयोगकर्ता चमकता पडदा दिव्याखालीं धरतो, तेव्हां त्याच्या शेजारीं न चमकणारा एक कोरा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो. रुग्णाच्या नळीवर रक्त गोठूं नये म्हणून जडविलेलें औषध खरोखर जडलें आहे कीं वाहून जाणार आहे, हें त्या दोन तुकड्यांतील फरकावरून ठरावयाचें असतें. चमकणारा तुकडा साक्ष देतो. तिचें मोल ठरतें तें काळोखांत राहिलेल्या त्याच्या सोबत्यामुळें.